बोटभर वर

"उचला. अजून जरा. अहो, एवढी नको, बोटभर."

मी सायकल खाली घेतली. खैरनार उकिडवे बसले होते, डावा हात गिअरच्या तारेवर, उजव्या हातानं पायडल फिरवत. मागचं चाक जमिनीपासून बोटभर वर गरगरत होतं आणि मी सीटखालची नळी दोन्ही हातांनी धरून वाकून उभी होते. साखळी एका चकतीवरून दुसरीवर चढताना कटकट करत होती.

"ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"कटकट येतेय."

"ती जाईपर्यंत धरा."

"माझे हात गळून पडले की जाईल ती."

"पडले तर उचलून देईन," ते वर न बघता म्हणाले आणि तारेचा स्क्रू अर्धा आटा फिरवला.

हे आमचं दर रविवारचं. दहा-अकरा वर्षं झाली त्याला. नाशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग, सकाळची वेळ, आणि आम्ही दोघं. मी तेव्हा साठीला टेकले होते. माझे यजमान, चिटणीस, जाऊन बरेच दिवस झाले होते. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर मी म्हटलं, चालण्याचा मला कंटाळा आहे, सायकल चालवू का? जळगावला शाळेत असताना मी दोन्ही हात सोडून सायकल चालवायची आणि त्यावरून आईचा मार खायची. डॉक्टर हसले, चालवा म्हणाले. माझी मुलगी मंजिरी ठाण्याला असते, तिनं वाढदिवसाला सायकल घेऊन दिली. गिअरची, पुढं टोपली, मधे आडवा दांडा नसलेली. ती घेऊन मी सोसायटीतल्या सायकलवाल्या म्हाताऱ्यांच्या टोळीत जाऊन पडले. रविवारी सकाळी सोमेश्वरच्या पुढं जायचं, येताना मिसळ हाणायची, आणि जाताना जाळलेली साखर येताना भरून आणायची, असा तो व्यायाम.

खैरनार त्या टोळीतले. राहायला ब विंगमध्ये. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला. बोलायचं काम कमी. पण कुणाची सायकल कुरकुरली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, आणि माझी सायकल कायम कुरकुरायची. सगळे मिसळ खाऊन आपापल्या घरी पांगले की ते पार्किंगमध्ये थांबायचे आणि म्हणायचे, "बघू."

पहिल्यांदा मी त्यांना म्हटलं होतं, उलटी करा की. आमच्या जळगावचा सायकलवाला सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करायचा, दोन मिनिटांत काम. ते म्हणाले, "हँडलवर गिअरचे खटके आहेत, घासतील. आणि चालवताना उलटी असते का ती? जशी चालते तशी दुरुस्त करायची. कुणीतरी धरायला पाहिजे, बस." म्हणून मी धरायला लागले. ते खाली, मी वर. त्यांचं टक्कल मला पाठ झालं होतं.

आणखी एक सांगते. चार लोकांत मी "कुंदाताई" होते. मिसळीच्या टेबलावर, लिफ्टमध्ये, गणपतीच्या मांडवात, कुंदाताई. पण पार्किंगमध्ये, सायकल माझ्या हातात असली की, नुसतं "अहो". हे त्यांच्या लक्षात होतं की नाही, देव जाणे. माझ्या होतं. सोमवारपासून मी त्या "अहो"ची वाट बघायला लागायची, हे आता सांगायला मला लाज वाटत नाही.

मग एके दिवशी मंजिरीचा फोन आला.

"आई, सायकलसाठी रिपेअर स्टँड मिळतात, माहितीये का तुला?"

"असतील. मला काय करायचेत?"

"त्यात सायकल अडकवायची. जमिनीपासून वर राहते. मग आपलं आपण सगळं करता येतं, साखळी पुसणं, गिअर, ब्रेक. व्हिडिओ असतात, मी पाठवते. उगाच दर रविवारी खैरनारकाकांना कशाला त्रास?"

"त्यांना कुठं त्रास होतो?"

मग म्हणाली, "आई, लोक बघतात."

"बघू देत. तेलाचे हात बघण्यासारखे असतात का?"

"मी गणपतीत आले होते तेव्हा लिफ्टमध्ये मला विचारलं एका बाईंनी. हसत हसत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही म्हणत नाहीये, मला माहीत आहे तसलं काही नाही. पण स्टँड घेऊन टाक ना. विषय संपेल."

तसलं काही नाही, हे तिला माहीत होतं. मलाच नक्की माहीत नव्हतं. फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले. स्टँड आला की सायकल धरायला कुणी लागणार नाही. आणि धरायला कुणी लागणार नाही म्हणजे रविवारी मी पार्किंगमध्ये कशाला थांबायचं, आणि त्यांनी तरी कशाला? साधा हिशेब होता. मला तो नको होता.

तरी त्या रविवारी मी खैरनारांना सांगितलं. खोटं कशाला बोलू, ते "काही गरज नाही" म्हणतील म्हणून सांगितलं. त्यांनी फडक्याला हात पुसले, विचार केला आणि म्हणाले, "चांगली कल्पना आहे. तुमची कंबर पण वाचेल. चला, मी येतो निवडायला. उगाच भलता घ्याल."

"मी भलता का घेईन?"

"तुम्ही रंग बघून घ्याल."

हे मात्र खरं होतं.

दुकान कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत. दुकानदार टोपी उलटी घालणारा, चाळिशीचा, बोलका गृहस्थ. त्यानं आधी एक छोटा स्टँड काढला, मागच्या चाकाला दोन्हीकडून पकडणारा. मागचं चाक तेवढं उचललं जातं, बाकी सायकल जमिनीवर.

"हा बरा आहे की," मी म्हटलं, कारण तो बघताच कुचकामी वाटत होता.

"याच्यात पुढच्या ब्रेकचं काय करणार?" खैरनार म्हणाले. "आणि पायडल फिरवलं की हा सरकतो. दुसरा दाखवा."

दुसरा भिंतीला ठोकायचा होता.

"भिंतीला भोक पाडायला सोसायटी परवानगी देणार नाही," मी लगेच म्हटलं.

"घरातल्या भिंतीला कुणाची परवानगी लागते?"

"मला नको आहे भोक."

तिसरा चांगला उंच, दोन लांब पायांचा, वर लोखंडी पंजा, त्यात सायकलची नळी पकडायची. दुकानदारानं एक सायकल त्यात अडकवून दाखवली. छातीच्या उंचीला ती तरंगत होती. खैरनार तिच्याभोवती एक फेरी मारून आले, पायडल फिरवलं, पंजा हलवून बघितला.

"पंजा चांगला आहे. पण यांना सायकल एवढी वर उचलावी लागेल."

"त्यात काय काका," दुकानदार म्हणाला, "तुम्ही असालच की काकूंच्या मदतीला."

त्याचा गैरसमज आमच्यापैकी कुणीच दूर केला नाही. मी एका टोपलीकडे बघत उभी राहिले. आता हे काहीतरी बोलतील, शेजारी आहोत वगैरे, म्हणून कान टवकारून होते. ते बोलले, पण भलतंच.

"मी नसताना जमलं पाहिजे," ते म्हणाले. "एकटीला जमेल असा दाखवा."

एकटीला. हा शब्द मला असा लागला की मी टोपलीची किंमत विचारली.

त्यांना आपलं पसंतीचं सापडेपर्यंत चैन नव्हतं. दुकानदाराच्या मोबाइलवर त्यांनी एक चित्र शोधून काढलं. तीन पायांचा, पार्किंगच्या उतारावरही डगमगणार नाही असा. पंजा खाली कमरेपर्यंत येतो, म्हणजे सायकल नुसती जवळ न्यायची, सीटची नळी पंजात धरायची आणि मग खुंटी सैल करून सगळं वर सरकवायचं. उचलायला नको. "तुमच्या सायकलला आडवा दांडा नाही, त्यामुळं पकडायची ती सीटची नळीच. बरोबर बसेल," ते मला समजावून सांगत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्यांना कुठंतरी चिमटा काढावा असं मला वाटलं.

"तो मागवावा लागेल," दुकानदार म्हणाला. "दिवाळीच्या आसपास येईल."

"मागवू का?" खैरनारांनी मला विचारलं.

"विचार करून सांगते."

"यात काय विचार करायचाय? रंग काळा आहे."

"मला घाई नाही," मी म्हटलं. "तुम्हाला आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं ते कमी बघायचे, खाली बघून बोलायची सवय. त्या दिवशी चांगलं बघितलं, आणि मग "बरं" म्हणाले. मला वाटलं, सुटले. स्टँडचा विषय बारगळला.

मंजिरीला मी सांगितलं, चांगला मिळत नाही.

दिवाळीला मंजिरी आली. भाऊबीजेला धुळ्याहून माझा भाऊ नाना आला. वहिनी तिच्या भावांना ओवाळायला माहेरी गेलेली, त्यामुळं नाना मोकळा, आल्या आल्या चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ताट केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन. नानाला ओवाळलं. त्यानं साडीचं पाकीट ताटात ठेवलं, आणि नेहमीप्रमाणं वहिनीनं निवडलेली आहे, मला शिव्या देऊ नको, असं सांगितलं. तो पाटावरून उठतोय तोच बेल वाजली.

मंजिरीनं दार उघडलं. दारात खैरनार. नवा पांढरा सदरा, खांद्यावर एक लांबलचक खोकं, आणि घामानं डबडबलेले.

"लिफ्टमध्ये बसेना," ते म्हणाले. "जिन्यानं आलो. आलाय तो. दुकानातून फोन आला, म्हटलं जाता जाता घ्यावा."

माझ्या लक्षात यायच्या आत मंजिरीच्या लक्षात आलं. तिनं आधी खोक्याकडे बघितलं, मग ताटाकडे, ताटातलं निरांजन अजून जळत होतं, आणि तिचा चेहरा उजळला.

"आई, बघ. मामाची साडी, आणि काकांचा स्टँड. काका, ओवाळणी घेऊन बरोबर मुहूर्तावर आलात. या, बसा पाटावर."

खैरनारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माणूस एवढा काटेकोर, आयुष्यभर कालव्यांची मापं घेतलेला, पण भाऊबीजेच्या दिवशी एका बाईच्या दारात वस्तू घेऊन उभं राहिलं की लोक त्या वस्तूला काय म्हणतात, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी खोकं हळूच भिंतीला टेकवलं.

"नाही, म्हणजे हा असाच आणला," ते म्हणाले.

"असाच कसा? आईला एकच भाऊ आहे, आता दोन होतील. नानामामा, तुला चालेल ना?"

"मला काय, फराळात वाटेकरी नको, एवढंच," नाना म्हणाला. बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं.

मंजिरीनं पाट सरळ केला, ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. काय करणार होते? नाही म्हणायला कारण काय देणार होते, तेही पोटच्या मुलीसमोर, भावासमोर? शेजारच्या पुरुषाला भाऊ मानायला बाईची ना कशाला असावी? आपल्याकडे तीच सभ्य रीत. एकदा कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं की लिफ्टमधल्या बायकांची तोंडं बंद. मग त्यांनी रोज घरी यावं, जेवावं, मंजिरीनं त्यांना मामा म्हणावं. आणि ते "अहो" कायमचं गेलं. ते पाटावर बसले की संपलं, एवढंच मला त्या वेळी कळत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बसू नका. बसू नका हो.

खैरनार पाटाजवळ आले. त्यांनी चपला काढल्या होत्या, पाटाच्या कडेला पाय लागेल एवढे जवळ आले. तेव्हा मला दिसलं, त्यांच्या कपाळावर आधीच कुंकू होतं, घामानं ओघळलेलं, आणि एक अक्षत भुवईत अडकलेली.

"मला बहीण आहे," ते म्हणाले. "चांदवडला. आत्ता तिच्याकडूनच येतोय."

"मग काय झालं?" मंजिरी हसून म्हणाली. "दोन बहिणी नसतात का माणसाला?"

"असतात की."

"मग बसा ना, काका."

ते पाटाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि मंजिरीकडे बघून, अगदी शांतपणे, गिअरची तार कुठली ते सांगावं तसं सांगितलं, "पण ह्या नव्हेत."

नानानं तोंडातली चकली चावायची थांबवली. खैरनारांनी मला नमस्कार केला, खोक्याकडे बोट दाखवून "पाने आतच आहेत, पिशवीत" एवढं म्हणाले आणि चपला घालून जिन्यानं खाली उतरले. फराळसुद्धा केला नाही. मी निरांजन हातात घेऊन उभीच होते. मग मी ते देवापुढं नेऊन ठेवलं, कारण विझवायला जिवावर आलं.

संध्याकाळी नाना गेल्यावर मंजिरीनं विचारलं, "आई, हे काय चाललंय?"

"सायकलदुरुस्ती," मी म्हटलं.

"चेष्टा करू नको. तो माणूस काय बोलून गेला, कळलं ना तुला?"

"कळलं."

"मग?"

"मग काही नाही. मला बरं वाटलं."

ती रडली. बाबांची आठवण काढली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि म्हटलं, तुझे बाबा मला रोज आठवतात, त्याचा आणि ह्याचा संबंध नाही. तिला ते पटलं नाही. पटायला तिला पुढं बरीच वर्षं लागली, आणि तिला मी दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी ती ठाण्याला गेली.

रविवार आला. टोळी निघाली, खैरनार त्यात नव्हते. कुणी म्हणालं, पाय मुरगळला असेल. मी मिसळ अर्धी टाकली. परत आल्यावर पार्किंगमध्ये सायकल घेऊन उभी राहिले. सगळे पांगले. त्यांची सायकल आपली जागेवर, धूळ बसलेली. आता त्यांनी येऊन "बघू" म्हणायचं, ही आमची रीत. पण आता स्टँड होता. आता ते कुठल्या तोंडानं येणार, आणि का? बोलावायचं असलं तर मलाच बोलवायला हवं होतं, आणि ब विंगच्या खालच्या बाकावर सकाळी सगळी सोसायटी पेपर वाचत बसलेली असते.

गेले. सायकल ढकलत, त्या बाकासमोरून. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीकडे बघून हाक मारली. "खैरनारसाहेब" मारणार होते. तोंडातून निघालं, "अहो."

सगळे पेपर खाली झाले. गॅलरीत खैरनार आले, बनियनवर, चष्मा कपाळावर.

"सायकल कटकट करतेय," मी म्हटलं.

"स्टँड कुठंय?"

"वर. गॅलरीत."

"मग लावा की त्याला."

"नाही लावता येणार. त्याच्यावर परकर वाळतायत."

त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. शर्टाची बटणं लावत ते खाली आले, बाकावरच्या मंडळींना "नमस्कार" म्हणाले आणि माझ्या सायकलचं हँडल धरून पार्किंगकडे चालायला लागले.

मी सीटखाली धरलं. ते उकिडवे बसले. बराच वेळ नुसतं पायडल फिरत होतं.

"एक विचारू?" मी म्हटलं. "मला नको होता हो तो स्टँड. दुकानात मी टाळाटाळ करत होते, ते कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं."

"मग आणलात कशाला?"

ते तारेशी खुडबुड करत राहिले. बोलले ते टक्कल माझ्याकडे करूनच.

"तुम्ही मला सायकलसाठी थांबवता की कशासाठी, हे मला कसं कळणार? सायकल धरायला कुणीतरी लागतं, तुम्ही धरता. दुरुस्त करायला कुणीतरी लागतं, मी करतो. गरजेचं काम ते. म्हटलं, गरज संपवून टाकू. सगळ्यात चांगला स्टँड आणू, एकटीला जमेल असा. मग बोलावतात का बघू."

माझे हात खाली आले असणार, कारण चाक जमिनीला टेकून थांबलं.

"उचला," ते म्हणाले. "अहो, बोटभर."

सायकल उचलली आणि धरून ठेवली.

त्यापुढं आम्हाला पुष्कळ रविवार मिळाले. लग्नबिग्न काही नाही. त्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मी वाट बघितली नाही असं म्हणणार होते, पण बघितली. त्यांच्या मुलाला काय वाटेल, मंजिरीला काय वाटेल, असं करत करत राहून गेलं. सोसायटी आधी कुजबुजली, मग कंटाळली. स्टँडवर मी परकर, टॉवेल, हळदीकुंकवाच्या साड्या, एकदा तर कुरडया वाळवल्या. खैरनार घरी आले की त्याच्याकडे बघून मान हलवायचे, "काय चीज निवडली होती मी, आणि काय दशा केलीत." एकदा मी म्हटलं, लावूया का सायकल त्याला, बघू तरी. तर म्हणाले, "काही घाई नाही. तुम्हाला आहे का?"

गेल्या माघात ते गेले. झोपेतच. मुलगा हैदराबादहून आला. ब विंगमध्ये त्यांच्या बैठकीच्या खोलीत सगळे बसले होते, आणि मी दाराशी, जिथं चपला काढतात तिथं. पुढं बसायला मी कोण? बहीण असते तर पुढं बसले असते, सुतक पाळलं असतं, लोकांनी मला धरलं असतं. बायको असते तर विचारायलाच नको. मी सायकल धरणारी. माझ्या रडण्याला त्या खोलीत जागाच नव्हती, म्हणून मी रडत नव्हते, पदराशी चाळा करत बसले होते.

चांदवडची बहीण मुलाशेजारी होती, चांगली पंच्याहत्तरीची, वाकलेली. तिनं इकडं तिकडं बघितलं, दाराशी मी दिसले, आणि ती उठून, भिंतीचा आधार घेत घेत माझ्यापर्यंत आली.

"कुंदा तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"दादा दर भाऊबीजेला म्हणायचा, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून ओवाळून घेणार नाही. मला वाटायचं, किती जीव आहे माझ्यावर." तिनं माझा हात धरला. "मग एकदा सांगितलं त्यानं का ते. चला, पुढं चला. इथं दारात नका बसू."

तिनं मला सगळ्यांसमोरून नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. मग मी रडले.

परवा रविवारी मी स्टँडवरचे कपडे काढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पंजाची खुंटी कडक झाली होती, तेल घातलं तेव्हा फिरली. सायकल जवळ नेली, सीटची नळी पंजात धरली, सगळं वर सरकवलं. काही उचलावं लागलं नाही. त्यांनी सांगितलं होतं तसंच, एकटीला जमलं.

पायडल फिरवलं. कटकट होती. स्क्रू अर्धा आटा फिरवला, ती गेली. छान धरतो मेला, डगमगत नाही, दमत नाही, हात गळून पडले म्हणून कुरकुरत नाही. मी खाली बसून चाक फिरताना बघत राहिले. वर मान करून बघितलं तर वर कुणी नव्हतं.

सायकल चांगली छातीएवढी वर होती. मी उठले, खुंटी सैल केली आणि ती खाली खाली घेतली, मागचं चाक बोटभर वर राहील इतकी.